मदत हवी आहे: फाइल लिहिताना ७१ टक्क्यांवर थांबली, गाडी सुरू होत नाही (अर्जंट)

अक्कलकोट_रोड
काल दुपारी रीमॅप करत होतो, म्हणजे ओढ वाढवायला ईसीयूची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) फाइल बदलत होतो. फाइल लिहिताना ७१ टक्क्यांवर थांबली आणि लॅपटॉपवर एरर आला. चावी बंद करून परत लावली, तेव्हापासून गाडी सुरू होत नाही. स्टार्टर नीट फिरतो. तीन वेळा परत लिहून बघितलं, टूल जोडतच नाही. गाडी दाजींची आहे, रविवारी त्यांना बार्शीला लग्नाला जायचंय. कुणाला असं झालंय का? काय करायचं ते लवकर सांगा. आणि हे काम नीट शिकायचं तर सुरुवात कुठून करायची तेही सांगा. मी व्हिडिओ बघत बघत इथपर्यंत आलोय.

होटगी_डिझेल
गाडी कुठली, साल कुठलं, पेट्रोल की डिझेल? ईसीयू कुठल्या कंपनीचा? टूल कुठलं? ओबीडीच्या (स्कॅनर जोडायच्या) सॉकेटमधून लिहीत होतास की ईसीयू काढून टेबलावर? ओरिजिनल फाइल ठेवली आहेस का? हे कळल्याशिवाय कुणी काहीही सांगितलं तरी तो अंदाजच.

बुलेट_३५०
बॅटरीची निगेटिव्ह काढ, १५ मिनिटं तशीच ठेव, परत लाव. माझ्या मित्राच्या गाडीला असंच झालं होतं, लगेच चालू झाली.

होटगी_डिझेल
बुलेट भाऊ, बॅटरी काढल्यावर ईसीयूने शिकलेल्या बारीकसारीक नोंदी जातात, फ्लॅश मेमरीतला प्रोग्रॅम जात नाही आणि नवा येतही नाही. लिहिण्याआधी टूल जुना भाग पुसतं, मग नवा भरतं. ७१ टक्क्यांवर थांबलं म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा कोराच राहिलाय. वर्षभर बॅटरी काढून ठेवली तरी तो कोराच राहणार.

अक्कलकोट_रोड
स्विफ्ट डिझेल. ओबीडीमधून. फाइल आहे माझ्याकडे. आता सांगा.

होटगी_डिझेल
साल? टूल? चावी लावल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागतो का? स्कॅनर ईसीयूशी बोलतो का? या दोन गोष्टी आधी बघ. दिवा लागला, स्कॅनर बोलला आणि तरी इंजिन पकडत नसेल, तर चेकसम (फाइल बरोबर आहे का ते पडताळायचा आकडा) किंवा इमोबिलायझरकडे (चावी ओळखणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेकडे) बघायचं. दिवाच नाही आणि स्कॅनरही गप्प असेल, तर प्रोग्रॅम अर्धा आहे. दोन्हींची वाट वेगळी.

सीएनजी_प्रेमी
डिझेल गाडीवर एवढा खर्च कशाला करताय? विकून टाका आणि सीएनजी घ्या. माझी रोज मोहोळपर्यंत ये-जा असते, महिन्याचं इंधनाचं बिल जवळजवळ निम्म्यावर आलं.

अक्कलकोट_रोड
सीएनजी दादा, मला गाडी बदलायची नाही, सुरू करायची आहे.
२०१३ चं मॉडेल. दिवा लागत नाही, स्कॅनर काहीच दाखवत नाही. ईसीयूवर मॅग्नेटी मारेली लिहिलंय. टूल ऑनलाइन मागवलेलं, ओरिजिनल नाही. चेकसम टूल स्वतः करतं असं विकणारा म्हणाला होता.

आयटीआय_निवृत्त
बाळा, मी ३१ वर्षं मोटार मेकॅनिक ट्रेडला शिकवलं. एक प्रश्न अजून कुणी विचारला नाही. लिहिताना बॅटरीला चार्जर लावला होतास का? व्होल्टेज किती होतं? इंजिन गरम होतं का?

अक्कलकोट_रोड
चार्जर नव्हता सर. बॅटरी नवीनच आहे, म्हणून गरज वाटली नाही. गाडी नुकतीच आसरा चौकातून आणली होती, दुपारचे दोन वाजले असतील. हो, मध्येच रेडिएटरचा फॅन जोरात सुरू झाला होता. त्याचा काय संबंध?

आयटीआय_निवृत्त
सगळा संबंध तिथेच आहे. आपल्या सोलापुरात एप्रिलची दुपार म्हणजे ४२ अंश, आणि तू तापलेल्या इंजिनावर चावी लावून बसलास. तो फॅन एकटा १५-२० अँपिअर ओढतो, वर इग्निशनवरची बाकी यंत्रणा. इंजिन बंद असताना अल्टरनेटर भरत नाही, सगळा भार बॅटरीवर. व्होल्टेज खाली गेलं की आधी नकली टूलचा संपर्क तुटतो. बॅटरी नवी असली तरी बंद इंजिनावर ती १२.६ पासून उतरतच जाते. लिहिताना १३ ते १३.८ व्होल्ट सतत मिळायला हवेत, तेही स्थिर सप्लायवरून. वर्कशॉपचा साधा बॅटरी चार्जर लावू नकोस, त्याचं आउटपुट खालीवर होतं.

मार्केटयार्ड_जवळ
माझ्या बोलेरोला हे रीमॅप करायचं तर किती खर्च येईल? चढाला दम लागतो.

पुणे_ट्यूनर
@मार्केटयार्ड_जवळ आधी टर्बोचे होज आणि एअर फिल्टर तपासा. दहापैकी बऱ्याच गाड्यांचा दम तिथेच अडकलेला असतो.
@अक्कलकोट_रोड ओबीडीने आता काही होणार नाही. ईसीयू काढून बूट मोडमध्ये, म्हणजे ओबीडी टाळून थेट ईसीयूच्या चिपशी जोडून, फाइल टाकायची. पुण्याला कुरिअर कर, दोन दिवसांत परत देतो.

जुना_बाजार
एवढ्या झंझटीत कशाला पडता? स्क्रॅपमधून दुसरा ईसीयू घ्या, लावा, विषय संपला. मी हेच करतो.

होटगी_डिझेल
विषय संपत नाही दादा. ईसीयू आणि चावीचा इमोबिलायझर एकमेकांना ओळखतात. ती ओळख ईसीयूच्या ईईप्रॉममध्ये (प्रोग्रॅमपेक्षा वेगळ्या छोट्या मेमरीत) असते. स्क्रॅपचा ईसीयू दुसऱ्याच गाडीची ओळख घेऊन येतो. तो लावला की चावीचा दिवा लुकलुकत राहणार आणि इंजिन पकडणार नाही. जुन्या ईसीयूतला तो डेटा काढून नव्यात भरता आला तरच जमतं, आणि तेवढं येत असेल तर मग जुनाच दुरुस्त होतो.

जुना_बाजार
मी आजवर कितीतरी गाड्यांना लावलेत. सगळ्या चालल्या.

होटगी_डिझेल
इमोबिलायझर नसलेल्या जुन्या गाड्यांना चालले असतील. २०१३ ची स्विफ्ट त्यात बसत नाही. उगाच पोराचे पैसे घालवू नका.

आरटीओ_कामकाज
मुख्य गोष्टीवर कुणी बोलत नाहीये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२ए मध्ये मालकालाच सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. गाडी दाजींच्या नावावर. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने बोट ठेवलं, तर भोगणार दाजी. त्यांना हे माहीत आहे का?

पुणे_ट्यूनर
रस्त्यावर हजारो गाड्या रीमॅप होऊन फिरताहेत. कोण तपासतंय?

आरटीओ_कामकाज
पीयूसीला कळतं. बीएस ४ (भारत स्टेज ४, धुराचे नियम) डिझेलची धुराच्या दाटपणाची मर्यादा १.६२ प्रति मीटर आहे. स्मोक लिमिटर (हवेच्या मानाने इंधनावर घातलेली मर्यादा) वाढवलेली गाडी ॲक्सिलरेटर दाबताच काळा लोट सोडते. आणि एक सांगतो. २०१० साली देशातल्या ज्या १३ शहरांत बीएस ४ आधी लागू झालं, त्यात दिल्ली-मुंबईच्या रांगेत आपलं सोलापूर होतं. उगाच नव्हतं त्या यादीत. या शहराची हवा खराब होती म्हणून होतं. सात रस्त्याला संध्याकाळी दुचाकीवर उभे राहा म्हणजे कळेल.

बुलेट_३५०
हे मला माहीत नव्हतं. सोलापूर खरंच त्या यादीत होतं?

आरटीओ_कामकाज
होतं. देशभर लागू व्हायला २०१७ उजाडलं.

अक्कलकोट_रोड
दाजींना सांगितलं नव्हतं. चूक माझी आहे, आज सांगतो. तुळजापूरच्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर यायची म्हणून ते नेहमी कुरकुर करायचे, मला वाटलं करून दाखवू. मी फक्त टॉर्क लिमिटर (इंजिनच्या ओढीवरची मर्यादा) २० टक्के वाढवला होता, दुसरं कशाला हात लावला नव्हता. ईसीयू काढलाय. सोलापुरात कुणाकडे बूट मोडचं साधन आहे का? कुरिअरला वेळ नाही.

होटगी_डिझेल
माझ्याकडे आहे. उद्या संध्याकाळी सहानंतर ये. ओरिजिनल फाइल पेन ड्राइव्हवर आण. ती एकदाच वाचली होतीस की दोनदा?

अक्कलकोट_रोड
एकदाच. दोनदा का वाचायची?

होटगी_डिझेल
दोनदा वाचून दोन्ही फाइल बाइट-बाइट जुळवायच्या. जुळल्या तर वाचन खरं. नकली टूल कधी मध्येच रिकामा भाग भरून फाइल पूर्ण झाल्याचं दाखवतं. आता ती संधी गेली. तुझी फाइल उघडून बघू, मध्ये एफएफ एफएफ (कोऱ्या जागेची खूण) असे लांबलचक पट्टे कुठे आहेत ते तपासू. संशय आला तर त्याच सॉफ्टवेअर क्रमांकाची दुसरी फाइल शोधावी लागेल. लेबलचा स्पष्ट फोटो पाठव.

आयटीआय_निवृत्त
आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं बोलतो, तो या सगळ्यात बाजूलाच राहिला. फक्त टॉर्क लिमिटर वाढवून काय मिळणार होतं? डिझेलमध्ये साखळी असते. तू पेडल दाबतोस, त्यावरून ईसीयू टॉर्कची मागणी ठरवतो. ती मागणी लिमिटरमधून जाते, तिचं इंधनाच्या मात्रेत रूपांतर होतं. मग स्मोक लिमिटर विचारतो, एवढं इंधन जाळायला हवा आहे का? त्यानंतर रेलचं (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीचं) प्रेशर आणि इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरतं. एक कडी सैल केलीस तरी पुढची घट्टच राहते. सगळ्या सैल केल्यास तर धूर आणि एक्झॉस्टचं तापमान वाढतं, टर्बो आणि पिस्टनवर येतं. डिझेल पूर्ण जळायला वजनाने साधारण साडेचौदापट हवा लागते, प्रत्यक्षात धूर टाळायला त्याहून बरीच जास्त द्यावी लागते. आणि ४२ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ५ टक्के विरळ असते. पुण्यातल्या थंडीत बनवलेली फाइल सोलापूरच्या मे महिन्यात धूर काढते ती याच्यामुळे.

पुणे_ट्यूनर
सर, आम्ही इनटेक तापमानाचं करेक्शन धरूनच फाइल देतो. सरसकट असं बोलू नका.

आयटीआय_निवृत्त
तुम्ही देत असाल, चांगलंच आहे. फोनवर फाइल मागवून डोळे झाकून टाकणारेही आहेत, मी त्यांच्याबद्दल बोललो.
बाळा, त्या १२४८ सीसी इंजिनाला कंपनीने ७५ पीएस आणि १९० न्यूटन मीटर दिले. हेच इंजिन ९० पीएसमध्येही येतं, पण त्याला वेगळा, व्हेरिएबल टर्बो आहे. नुसते आकडे बदलून ७५ चं ९० झालं असतं तर कंपनीने टर्बोवर पैसे घातले नसते. दुसऱ्या गिअरची तक्रार असेल तर आधी क्लच, होज, ईजीआर (एक्झॉस्टचा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि मास एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) बघ.

अर्डुइनो_छंद
शिकायचं असेल तर दाजींच्या गाडीवर नको, टेबलावर शीक. स्पीडुइनो नावाचा ओपन सोर्स ईसीयू आहे, अर्डुइनो मेगा २५६० वर चालतो. सोबत क्रँक सेन्सरचा खोटा सिग्नल देणारा दुसरा छोटा अर्डुइनो लाव, इंजिनशिवाय आरपीएम फिरतो. इंधनाचा तक्ता, इग्निशनचा तक्ता, सगळं डोळ्यांसमोर बदलतं. मी याच्यावर सहा महिने घालवले, त्यानंतर खऱ्या फाइलीतले नकाशे, म्हणजे असेच तक्ते, ओळखू यायला लागले.

पुणे_ट्यूनर
तो पेट्रोलसाठी आहे. कॉमन रेल डिझेलला काय उपयोग?

अर्डुइनो_छंद
तक्ता, अक्ष, मधल्या किमती कशा काढतात, सेन्सर चुकला तर काय होतं, हे दोन्हीकडे सारखंच असतं. रेलमध्ये प्रेशर हजार बारच्या वर जातं, नवशिक्याने थेट तिथे हात घालू नये असं माझं ठाम मत आहे.

मार्केटयार्ड_जवळ
बोलेरोच्या होजला बारीक चीर सापडली. ट्यूनर भाऊ, आभार.

अक्कलकोट_रोड
गाडी सुरू झाली! होटगी भाऊंकडे काल रात्री साडेअकरापर्यंत बसलो. ईसीयू टेबलावर, १३.५ व्होल्टचा स्थिर सप्लाय, बूट मोड. माझ्या फाइलीत एक पट्टा खरंच रिकामा निघाला, त्यामुळे ती वापरलीच नाही. भाऊंकडे त्याच सॉफ्टवेअर क्रमांकाची ओरिजिनल होती. ईईप्रॉमला हात लावला नाही म्हणून चावी लगेच ओळखली. सकाळी ईसीयू बसवला, दिवा लागला, दुसऱ्या फेऱ्याला इंजिनाने पकडलं. लो व्होल्टेजचा एक कोड होता, पुसल्यावर परत आला नाही.
दाजींना सगळं सांगितलं. रागावले, मग म्हणाले, गाडी आहे तशीच राहू दे. क्लच बघितला, प्लेट बरीच झिजली आहे. घाटातली तक्रार तिचीच असणार.
सगळ्यांचे आभार, आयटीआयच्या सरांचे जास्त. मेगा २५६० मागवलाय. आता एक विचारायचंय, ओरिजिनल फाइल उघडली तर नुसते आकडेच आकडे आहेत. त्यात स्मोक लिमिटर कुठला हे ओळखायचं कसं?

होटगी_डिझेल
१६ बिटमध्ये बघ, बाइटचा क्रम उलटा-सुलटा करून दोन्ही प्रकारे. आधी अक्ष शोध. चढत जाणारे आकडे दिसतील, ८०० पासून पाच हजारांच्या आसपास, तो आरपीएम. त्याच्या शेजारी दुसरा चढता अक्ष हवेचा असेल, मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक. त्या दोघांच्या लगेच पुढचा ठोकळा ग्राफमध्ये काढ. हवा वाढेल तसं इंधन गुळगुळीत चढत गेलं तर तो असू शकतो. असे दोन-तीन ठोकळे सापडतील, खरा कुठला ते गाडीचा लॉग (चालताना घेतलेली सेन्सरची नोंद) घेतल्याशिवाय ठरवू नकोस. फाइलीत काही बदलू नकोस, फक्त वहीत पत्ते लिहून काढ आणि पुढच्या शनिवारी घेऊन ये.