शब्दचर्चा : शिष्टाई, वानवळा आणि 'एक्सपोर्टचो' हापूस

विचारणा, रत्नागिरीहून

आंबा बागायतदारांसाठीच्या एका टिपणाचं मराठी करतोय. 'पब्लिक डिप्लोमसी'पाशी गाडी अडली. आधी 'सार्वजनिक राजनय' लिहिलं. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "सार्वजनिक म्हटलं की मला गणपती आठवतो, नाहीतर शौचालय." अर्थ असा हवाय : परक्या देशाच्या सरकारशी नव्हे, तिथल्या लोकांशीच ओळख वाढवायची, त्यातून आपल्या मालाला वाट होते आणि पैसा आपल्या पट्ट्यात येतो. 'मुत्सद्देगिरी' चालेल?

राजापूरहून

नको. त्या शब्दाला डावपेचांचा वास आहे. मूळ मात्र गमतीचं. मुघलांच्या काळात सुरत बंदराचा कारभार पाहणारा अंमलदार म्हणजे मुत्सद्दी. जकात त्याच्याकडे आणि टोपीकरांशी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांशी, बोलणीही त्याच्याकडेच. व्यापार आणि राजकारण एकाच गादीवर बसत होतं.

जाता जाता : टिपणात जुन्या अर्थाची 'फॅक्टरी' आली तर 'कारखाना' करू नका, हात जोडतो. आमच्या गावात इंग्रजांची वखार होती, तिथे काही बनत नव्हतं. माल घ्यायचा, साठवायचा, गलबतावर चढवायचा. १६६१ साली शिवाजी महाराजांनी ती लुटली. १६७४ मध्ये इंग्रज कंपनीचा ऑक्झिंडन रायगडावर आला तो राज्याभिषेकाचा नजराणा घेऊन, पण मनात त्या वखारीची नुकसानभरपाई आणि व्यापाराच्या सवलती होत्या. अशा माणसाला तेव्हा वकील म्हणत. काळा कोट नंतर आला. 'वकिलात' शब्दात तो जुना वकील अजून बसलेला आहे.

देवगडहून

मी कलमांतला माणूस, पुस्तकांतला नाही. पण 'निर्यात' आमच्या तोंडात नाही, 'एक्सपोर्ट' आहे, आणि त्याचंही विशेषण झालंय. बिनडागाचं, देठ शाबूत असलेलं, वजनात बसणारं फळ बाजूला काढलं की गडी म्हणतो, "ह्यो एक्सपोर्टचो." मग तो दादरला जाईना का! मधला माल वाशीला, बारका-डागी कॅनिंगला.

फायदा कसा होतो ते या तीन ढिगांत बघा. वरचा ढीग समुद्रापार गेला की वाशीतली गर्दी हलकी होते आणि मधल्या ढिगाला बरा भाव येतो. म्हणजे ज्याचा एकही आंबा परदेशी गेला नाही त्यालाही चार पैसे जास्त. शिवाय पेट्या ठोकणारे, टेम्पोवाले, राखणीचे नेपाळी, सगळ्यांचंच चालतं. २०१४ साली नेमकं उलट झालं. फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघाने १ मेपासून आपला आंबा बंद केला, ऐन हंगामात. वरचा ढीग येऊन मधल्यावर कोसळला. दलालाकडून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली, हमाली-दलाली वजा जाऊन जो आकडा उरला तो बघून आमचे आजोबा म्हणाले, "आंबो गेलो, पट्टी इली, पैसे खंय?" जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठली, तोवर तो हंगाम कधीच सरला होता.

चिपळूणहून (माहेर सातारा)

'शिष्टाई' घ्या की. मामाने शिष्टाई केली आणि लग्न जमलं, असं आपण म्हणतोच. आणि आंबे पाठवण्याला आमच्या घाटावर अगदी नेमका शब्द आहे : वानवळा. शेतात नवं काही पिकलं की शेजारीपाजारी थोडं थोडं द्यायचं. परदेशातल्या आपल्या वकिलाती आंबे चाखायला लोकांना बोलावतात ना, तो वानवळाच.

वेंगुर्ल्याहून

ताई, वानवळा सुंदर, पण तो परतफेडीची अपेक्षा न ठेवता द्यायचा असतो. इथे अपेक्षा आहे, आणि ती लपवायचं कारण नाही. 'शिष्टाई'बद्दल शंका एवढीच की सगळ्यांत गाजलेली शिष्टाई कृष्णाची, आणि ती फसली!

आणखी एक. टिपणात 'परदेशी व्यापार म्हणजे भरभराट' असं सरसकट असेल तर तिथे थांबा. १६७१ साली महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला लिहिलेलं पत्र आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडत होतं, व्यापारी तिकडे वळले तर आपली मिठागरं बसतील, म्हणून त्या मिठावर जकात वाढवायला सांगितली. दार उघडायचं कधी आणि लोटायचं कधी, दोन्ही आलं पाहिजे.

देवगडहून

फसली तरी शब्द तोच बरा. अमेरिकेचं दार आपल्या आंब्याला १९८९ पासून बंद होतं. २००६ मध्ये त्यांचे अध्यक्ष बुश दिल्लीत आले, भारतीय आंबा खायची वाट बघतोय म्हणाले, आणि २००७ च्या एप्रिलमध्ये पहिल्या पेट्या गेल्या. बदल्यात त्यांच्या मोठ्या मोटारसायकलींची वाट आपण सोपी केली. ही शिष्टाई. पण नुसत्या गोड बोलण्याने फळमाशी मरत नाही. अट होती विकिरणाची, म्हणजे कीड निकामी करायला फळावर किरणांचा मारा करायची, मात्रा किमान ४०० ग्रे. तेव्हा ती सोय लासलगावला, म्हणजे हापूस घाट चढून कांद्याच्या गावी जायचा आणि मग विमानात बसायचा. वाशीची सोय नंतर झाली.

विचारणा, रत्नागिरीहून

ठरलं. 'लोकशिष्टाई' लिहितोय, पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ अर्थाची. बाबा म्हणाले, "हां, आता कोणीतरी कोणाशीतरी बोलतंय असं वाटतं." वानवळा मथळ्यात घेतो, ताईंची परवानगी गृहीत धरून. आता पुढच्या पानावर 'फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट' आहे, म्हणजे मालात कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला. देवगडकर, तुमच्याकडे काय म्हणतात?

देवगडहून

कागदावर 'पीकस्वच्छता प्रमाणपत्र' किंवा तसलं काहीतरी लिहा. पॅकहाऊसवर ट्रक उभा असतो, ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी आत डोकावतो आणि एवढंच विचारतो, "फायटो इलो काय?"