पंचगंगेचं पाणी वाढलं की लघवीला पळावं लागतं. दुखणं मनाचं की मूत्राशयाचं?

चिखलीची_सून: आम्ही कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीचे. २०१९ ला घरात पाणी शिरलं, २०२१ ला परत. तेव्हापासून पावसानं जोर धरला की झोप उडते. मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघत बसते. आकडा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकला की पोटात कालवतं आणि बाथरूमकडे धाव. जाऊन येते न येते तोच परत कळ, होते मात्र थेंबभर. महाद्वार रोडला साड्यांच्या दुकानात कामाला आहे. तिथं बायकांची सोय नाही, म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही. यंदा पावसाळा सरला तरी हे थांबेना. आता जेवण नको वाटतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. लघवी तपासली, जंतुसंसर्ग नाही, शुगरही नाही. डॉक्टर म्हणाले, मनावर घेऊ नका. सासूबाई म्हणतात, थंडी बाधली. कुणाला असं झालंय का?

निवृत्त_सिस्टर: बाळ, हे दोन्हीचं आहे. मूत्राशय भरत आलं की मेंदूला कळतं आणि आत्ता जायचं की थांबायचं हे मेंदूच ठरवतो. जीव धास्तावलेला असला की थोडी लघवी साठली तरी घाई होते. मग "वाटेत लागली तर?" ही नवी धास्ती. पाणी तोडू नकोस, लघवी घट्ट झाली की जळजळ वाढते. चहा मात्र कमी कर. कळ आली की धावायचं नाही. आहेस तिथं थांब, लघवी रोखताना आवळतो ते स्नायू चार-पाचदा आवळ आणि सोड. कळ ओसरली की सावकाश जा. दोन खेपांमधलं अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत ने. वेळ, किती झाली, तेव्हा मनात काय होतं, सगळं वहीत लिही आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेव. लघवीतून रक्त, थंडी-ताप, किंवा लघवी अडली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

इचलकरंजीकर: ताई, "बोलावंसं वाटत नाही" हे वाचून राहवलं नाही. मी डिप्रेशनमधून गेलोय. लघवीचं बघताय तसं याचंही बघा. कोल्हापुरात सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी आहे. तिथवर जायचा धीर नसेल तर १४४१६ ला फोन करा, टेलिमानस ही मनाच्या आजारांसाठीची सरकारी हेल्पलाइन, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. आणि गोळ्या लिहून दिल्या तर लघवीचा त्रास आधी सांगा. मला ॲमिट्रिप्टिलिन या डिप्रेशनच्या गोळीनं लघवी अडायला लागली होती, डॉक्टरांनी बदलून दिली. आपल्या मनानं बंद मात्र करू नका.

चिखलीची_सून: दोघांचंही वाचून रडू आलं. नवऱ्यालाही वाचायला दिलं, सोमवारी सीपीआरला सोबत येतो म्हणाले. सिस्टर, ते आवळणं-सोडणं गिऱ्हाईकापुढं उभं राहून जमतं का?

निवृत्त_सिस्टर: जमतं. श्वास रोखायचा नाही, मांड्या-पोट सैल ठेवायचं. साडी उलगडून दाखवताना केलंस तरी कुणाला कळणार नाही. आणि त्या दुकानमालकाला बायकांच्या सोयीचं सगळ्याजणी मिळून सांगा.