जंगलातला एअरसॉफ्ट: कोणते कपडे टिकले, कोणते नाही?

मंडळी, ट्रेकला आपण एक चाल धरतो. एअरसॉफ्टमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या गोळ्या मारणाऱ्या बंदुकांच्या लुटुपुटूच्या लढाईत, आधी जीव तोडून पळायचं, मग झुडपामागे गपगार पडून राहायचं. कपड्यांचा खरा कस तिथेच लागतो. तुमचे अनुभव येऊ द्या.

---

माझ्या वॉटरप्रूफ जॅकेटमध्ये पाणी शिरत नाही, यात वाद नाही. पण सरपटताना अशी सळसळ होते की मी दिसायच्या आधी ऐकू येतो! शिवाय पळून थांबलं की पाठ आतून ओलीचिंब. कापडावरचा पाणी झटकणारा लेप आधी कोपरांवर आणि सॅकच्या पट्ट्याखाली झिजतो. मग तिथं कापड पाणी पितं आणि घामाची वाफ आतच अडकते. पाऊस नसेल तर हल्ली सॉफ्टशेलच (मऊ, हवा खेळू देणारं जॅकेट) घालतो.

---

सुती टीशर्ट नकोच, भिजला की वाळता वाळत नाही. मेरिनो लोकर ओली असली तरी ऊब देते, पण काटेरी झुडपं तिची पार चाळण करतात.

---

गॉगलचं कुणीच कसं लिहिलं नाही? ०.२० ग्रॅमची गोळी १ जूलच्या बंदुकीतून सेकंदाला १०० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. नुसता चष्मा चालत नाही, डोळे चारी बाजूंनी बंद करणारा, आघाताची चाचणी झालेला गॉगल हवा. त्यावर वाफ धरली तरी मैदानात काढायचा नाही, सेफ झोनमध्ये (जिथे गोळीबार बंद असतो) जाऊनच पुसायचा. मी नाकावर बफ (गळ्यात घालायचा नळीसारखा रुमाल) ओढला की श्वास थेट काचेवर जायचा. बफ नाकाखाली घेतला आणि दुहेरी काच बसवली, तेव्हा कुठे समोरचं दिसू लागलं. जाळीच्या गॉगलवर वाफ धरत नाही, पण फुटलेल्या गोळीचे बारीक तुकडे आत येऊ शकतात. मी तरी तो घालणार नाही.

---

पट्ट्याचे नीपॅड पळताना घोट्यापर्यंत घसरतात आणि गुडघ्यामागे काचतात ते वेगळंच. पँटमध्येच पॅड असलेले बरे.

---

वॉटरप्रूफ बुटात वरून पाणी शिरलं की ते दिवसभर आत डुचमळत राहतं. ओढा ओलांडायचा असेल तर मी जाळीचे बूट घालते, ते चालता चालता निथळतात. आणि थंडीत गॅसचं पिस्तूल मलूल पडतं, म्हणून गॅस भरलेलं मॅगझिन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवते. तो खिसा हातमोजे न काढता उघडतो का, हे विकत घेतानाच बघा.