मदत हवी आहे : हरित सुकूक आणि इंडोनेशियातील ऊर्जावापर

नमस्कार. इस्लामी वित्तव्यवस्थेचा ऊर्जावापरावर आणि पर्यावरणावर नेमका काय परिणाम होतो, याचा मी अभ्यास करत असून एका मुद्द्यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

सुकूक म्हणजे शरियतच्या (इस्लामी कायद्याच्या) नियमांनुसार काढलेले रोखे, आणि पर्यावरणपूरक प्रकल्पांसाठी काढलेले ते हरित सुकूक. इस्लाममध्ये व्याज निषिद्ध असल्यामुळे सुकूकधारकाला कर्जावरील व्याजाऐवजी प्रत्यक्ष मालमत्तेतून येणाऱ्या भाड्याचा किंवा नफ्याचा वाटा मिळतो. मलेशियात २०१७ साली निघालेल्या पहिल्या हरित सुकूकमागे सबाह राज्यातील कुदात येथील ५० मेगावॉटचा सौरप्रकल्प होता, त्यामुळे पैसा कुठे गेला हे तिथे सरळ दाखवता येते. इंडोनेशिया सरकारने मार्च २०१८ मध्ये काढलेल्या १.२५ अब्ज डॉलरच्या हरित सुकूकचे तसे नाही. त्यातील बराच निधी आधीच हाती घेतलेल्या प्रकल्पांच्या पुनर्वित्तासाठी वापरला गेला आणि देशाची बहुतांश वीज आजही कोळशावरच तयार होते. शिवाय बँकांचे कर्जवाटप वाढले की कारखाने, वाहने आणि पर्यायाने इंधनाचा खपही वाढतो, मग ती बँक शरियतनुसार चालणारी का असेना. म्हणून माझा प्रश्न असा आहे :

आर्थिक वाढीचा प्रभाव वगळून केवळ इस्लामी वित्ताचा परिणाम कोणत्या पद्धतीने मोजावा? इंडोनेशियाची प्रांतनिहाय वीजवापराची आकडेवारी कोणी हाताळली असल्यास कृपया सविस्तर लिहावे.