सिंहगड रोडवरचा आईचा फ्लॅट पाच महिने झाले विकला जात नाहीये, जाहिरातीत काय चुकतंय?

नमस्कार मंडळी, मी नाशिकला असते आणि फ्लॅट पुण्यात, सगळं फोनवरून चाललंय आणि आता खरंच काही सुचेनासं झालंय म्हणून इथे विचारतेय. जरा मोठं लिहिलंय, सांभाळून घ्या.

हिंगणे खुर्दला, रस्त्याच्या टेकडीकडच्या बाजूला आईचा टू बीएचके आहे. १९९६ ची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा गेल्यावर दोन वर्षं आई तिथे एकटीच होती पण गुडघ्यांमुळे जिने होईनात म्हणून माझ्याकडे आली. कागदपत्रं अगदी चोख आहेत, भावाने आणि मी हक्कसोडपत्र रजिस्टर करून दिलंय, शेअर सर्टिफिकेट आईच्या नावावर झालंय, कर्ज नाही, मेंटेनन्स आणि मिळकत कर भरलेला. ७८ लाख अपेक्षा आहे, थोडं खालीवर चालेल.

एप्रिलमध्ये ओळखीतून चार एजंटना सांगितलं, म्हटलं जितक्या लोकांपर्यंत जाईल तितकं बरं. तिथेच चुकलं बहुतेक. मागच्या आठवड्यात एका मुलाचा थेट मला फोन आला, म्हणाला "ताई, हाच फ्लॅट एका ठिकाणी ७५ ला दिसतोय, एका ठिकाणी ८५ ला, एकात ९०० स्क्वेअर फूट लिहिलंय आणि एकात ६४०, नक्की खरं काय?" मला काय बोलावं तेच कळेना. ६४० हा कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) आहे, जुन्या अॅग्रीमेंटमध्ये बिल्टअप (भिंती वगैरे धरून) ८६५ आहे, आणि ९०० कुठून आलं देव जाणे.

मग मी स्वतः सगळ्या साइट्स उघडून बघितल्या आणि फोटो बघून रडूच आलं. रात्री ट्यूबलाइटमध्ये काढलेले, किचनच्या फोटोत ओट्याखाली सिलेंडर आणि पुढे बादलीत पोछा, बेडरूमच्या दारावर टॉवेल. गॅलरीचा एकही फोटो नाही, आणि आमच्या घरात सगळ्यात छान काय असेल तर ती पूर्वेची गॅलरी, सकाळी साडेआठपर्यंत ऊन थेट हॉलच्या मधोमध येतं, आई तिथे बसून भाजी निवडायची.

बघायला आतापर्यंत अकरा जण आले. किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे, त्या सांगतात की निम्मे लोक दुसऱ्या मजल्यावरूनच दमून परत जातात, आणि जे वर येतात ते घरात शिरल्या शिरल्या नाकाला रुमाल लावतात, बाथरूममधून वास येतो म्हणे. आई राहायची तेव्हा असला वास कधीच नव्हता. शिवाय प्रत्येक जण विचारतो की पुरात पाणी आलं होतं का. जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा एकता नगरीत घराघरांत पाणी शिरलं होतं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय, आणि सिंहगड रोड म्हटलं की तेच आठवतं. आमच्याकडे पार्किंगसुद्धा कोरडं होतं, पण एजंट हा विषयच टाळतात.

तर प्रश्न असे: सगळ्या जाहिराती काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी का? लिफ्ट नाही हे आधीच लिहावं की आल्यावर सांगावं? आणि सामान ठेवावं की घर रिकामं करून दाखवावं?

तळजाईकर:
ताई, आधी ती बाथरूमची काळजी सोडा. घर बंद असलं की नहाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं वास अडवणारं पाणी वाळतं आणि ड्रेनेजचा वास सरळ वर येतो, बाकी काही नाही. काकूंना सांगा दर आठवड्याला प्रत्येक जाळीत दोन तांबे पाणी ओतायचं, बेसिन आणि सिंकमध्येही, आणि कमोड एकदा फ्लश करायचा. आमचा वारज्याचा फ्लॅट चार महिने याच कारणाने लोकांच्या मनातून उतरत होता, ते आम्हाला प्लंबरने सांगितलं तेव्हा कळलं.

जाहिराती सगळ्या काढायला लावा, हो, सगळ्या. चार ठिकाणी चार भाव दिसले की लोकांना वाटतं पार्टी अडचणीत आहे किंवा कागदात घोळ आहे. एकच एजंट ठेवा, दोन महिन्यांसाठी, भाव, कार्पेट आणि त्याचं कमिशन व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या म्हणजे नंतर वाद नको.

गृहलक्ष्मी_७:
लिफ्ट नाही हे पहिल्या ओळीत लिहा, पायऱ्या मोजून लिहा. दमणारे येणारच नाहीत, आणि जे येतील ते ठरवून येतील. तुमचा एजंट बहुतेक रिटायर्ड जोडपी आणतोय, त्यांना हे घर नकोच आहे. याच भागात भाड्याने राहणारी, मुलांची शाळा बदलायची नाही अशी तरुण जोडपी शोधा. आसपासच्या सोसायट्यांच्या बोर्डावर कागद लावा, वॉचमनला सांगून ठेवा, माझ्या बहिणीचं गिऱ्हाईक शेजारच्या बिल्डिंगमधूनच मिळालं. बजेट ताणून घेणाऱ्यांना हेही सांगा की घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटी एक टक्का कमी लागते, ७८ लाखांवर ७८ हजार वाचतात.

पुराचं तुम्हीच आधी लिहा. "२०२४ च्या पुरात बिल्डिंगमध्ये पाणी आलं नव्हतं, सोसायटीत कोणालाही विचारा." लपवलं की संशय वाढतो.

हिशोबी:
७८ हा आकडा कुठून आला? शेजारच्याने सांगितला असेल तर धरू नका. आयजीआर महाराष्ट्रच्या (नोंदणी खात्याच्या) साइटवर ई-सर्चमध्ये तुमच्या भागाचे इंडेक्स टू, म्हणजे रजिस्टर झालेल्या व्यवहारांचे उतारे, फुकट बघता येतात, गेल्या वर्षभरात तुमच्यासारख्या जुन्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगांमध्ये काय भावाने रजिस्ट्रेशन झालं ते काढा. नव्या टॉवरशी तुलना करू नका. आणि भावात कार्पेटच बोला, रेरा (घरखरेदीचा कायदा) आल्यापासून लोक तेवढंच विचारतात.

सामान थोडं ठेवा. रिकामी खोली फोटोत लहान दिसते. पलंग, जेवणाचं टेबल राहू दे, कपाटावरच्या बॅगा आणि खोके मात्र हलवा. फोटो सकाळी आठच्या आत, फोन आडवा, छातीच्या उंचीवर धरून, खोलीच्या कोपऱ्यातून. आणि आता लगेच टाकू नका, पितृपक्षात कोणी फिरकत नाही. तोवर साफसफाई करा, घटस्थापनेला नव्याने टाका, दसऱ्याला टोकन द्यायचं म्हणून बरेच लोक शोधात असतात.

मूळ लेखिका:
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, तो ट्रॅपचा मुद्दा वाचून लगेच काकूंना फोन केला, त्यांनी आज संध्याकाळीच पाणी ओतलं. चारही एजंटना जाहिरात काढायला सांगितलंय, तिघांनी काढली, चौथा फोन उचलत नाहीये. इंडेक्स टू मी आणि भाऊ बसून बघतो, ७८ चा आकडा खरंच शेजाऱ्यांनीच सांगितला होता.

शनिवारी पुण्याला येतेय. आई म्हणतेय मीही येते, गुडघे बांधून हळूहळू चढेन, गॅलरीतला मोगरा कुठे ठेवला की फोटोत नीट येतो ते तुला कळायचं नाही. नाही म्हणवलं नाही मला. वडगाव-हिंगणे भागात दोन दिवसांत हॉल आणि किचन रंगवून देणारा रंगारी कोणाला माहीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.