मदत हवी आहे: आयरिश पारंपरिक गाण्यांवर उभ्या असलेल्या 'ग्रॉ आगस बॉस' या रचनेचं विश्लेषण कुठून सुरू करू?

नमस्कार मंडळी,

इथे हिंदुस्थानी संगीत शिकलेले, पाश्चात्त्य स्वरलेखन वाचणारे आणि आयर्लंडात राहणारे असे तिन्ही प्रकारचे सभासद आहेत, म्हणून धागा काढतेय. संगीताच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मला एका समकालीन चेंबर रचनेवर निबंध लिहायचा आहे. रचना पारंपरिक सुरावटींवर आधारलेली हवी, एवढीच अट. मी आयरिश संगीतकार डॉनखा डेनेही यांची 'ग्रॉ आगस बॉस', म्हणजे 'प्रेम आणि मृत्यू', ही 2007 सालची रचना निवडली आहे. ती मला मनापासून आवडते, त्यामुळे 'दुसरी सोपी घे' हा सल्ला कृपया देऊ नका.

ज्यांनी ऐकलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक शान-नोस गायक आणि त्याच्याभोवती ध्वनिवर्धकातून वाजणारा छोटा वाद्यवृंद. ती बसवली डब्लिनच्या क्रॅश आन्साम्ब्ल या चमूने, जो 1997 मध्ये सुरू झाला आणि ज्याच्या संस्थापकांत स्वतः डेनेही आहेत. गायक इयरला ओ लिनॉर्ड. ध्वनिमुद्रण 2011 मध्ये नॉनसच कंपनीने काढलं. शान-नोस म्हणजे आयरिश भाषेतलं जुन्या धाटणीचं गाणं: साथीला वाद्य नाही, ठेका नाही, ओळ गायकाच्या श्वासाप्रमाणे लांबते आणि दर कडव्याला हरकती बदलतात. ओ लिनॉर्ड कॉर्क परगण्यातल्या कूल-ए या गावचे. आयरिश संगीतकार शॉन ओ रियाडांनी जिथे गायकवृंद उभा केला तेच हे गाव, आणि त्या गायकवृंदात ते लहानपणापासून गायले आहेत.

डेनेहींनी दोन जुन्या गाण्यांतले तुकडे घेतले आहेत. एक 'आशलिंग याल', तेजस्वी स्वप्नदर्शनाचं गाणं. दुसरं 'टॉइम शीन्टे अर दो हूमा': प्रेयसीच्या थडग्यावर आडवा पडलेला प्रियकर उठायला तयार नाही. रचनेचं नाव कशावरून पडलं असेल ते या दोन गाण्यांकडे पाहिलं की कळतं.

आता अडचण. आधी सरावासाठी मी फ्रँक मार्टिन या स्विस संगीतकाराचं 1925 सालचं, आयरिश लोकधुनांवरचं पियानो त्रिकूट (पियानो, व्हायोलिन, चेलो) घेतलं होतं. त्याचं विश्लेषण सुरळीत झालं. मार्टिननी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात छापील संग्रह चाळून धुना निवडल्या आणि त्या जवळजवळ अखंड ठेवल्या. त्या मोडून, त्यांच्या तुकड्यांचा विस्तार करत बसण्याची नेहमीची रीत त्यांनी टाळली आणि सगळी करामत लयीत केली. पहिल्या भागात गती टप्प्याटप्प्याने वाढत जाते, एका वाद्याचा ठोका दुसऱ्याच्या ठोक्याला छेद देतो, आणि तिसरा भाग सरळ जिग, म्हणजे नाचाची चाल, आहे. ज्या हौशी अमेरिकन गृहस्थाने हे त्रिकूट लिहायला सांगितलं होतं त्याला ते पसंत पडलं नाही, आणि मला तर तो नकारच या रचनेचं उत्तम वर्णन वाटतो! त्या काळात मार्टिन भारतीय आणि बल्गेरियन लयींचाही अभ्यास करत होते. सहा मात्रांतला तीन गुणिले दोन आणि दोन गुणिले तीन यांचा तो झगडा आपल्या कानाला लगेच ओळखीचा वाटतो, त्यामागे हेही कारण असेल. कोणती धून कुठे येते, तिच्याखाली कोणती लय आहे, याचा तक्ता केला की रचना उलगडते.

'ग्रॉ आगस बॉस'ला हा तक्ता लावला तर हाती फारसं काही लागत नाही. मुळात 'मूळ चाल' म्हणून डाव्या रकान्यात काय लिहायचं? छापील संग्रहांवर विसंबणं धोक्याचं आहे. 1792 मध्ये बेलफास्टला हार्पवादकांचा मेळावा झाला, तेव्हा 19 वर्षांच्या एडवर्ड बंटिंगने तिथल्या चाली उतरवून घेतल्या आणि 1796 मध्ये छापल्या, पण पियानोवर वाजवण्याजोग्या करून. त्यात मूळ चाली पियानोच्या पट्ट्यांत बसवल्या गेल्या. शान-नोसमध्ये तर पट्ट्यांच्या मधले, अधलेमधले स्वरच महत्त्वाचे. कोमल आणि शुद्ध निषादांच्या मध्ये कुठेतरी उभा राहणारा निषाद (सप्तकातला सातवा स्वर) जुन्या आयरिश गायन-वादनात सर्रास भेटतो. पाश्चात्त्य स्वरलेखनाच्या पाच ओळींच्या कागदावर त्याला जागा नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी. डेनेहींची स्वरसंगती ठरावीक कॉर्डच्या साखळीतून येत नाही, ती हार्मोनिकांतून, म्हणजे एकाच स्वरात आपोआप मिसळून वाजणाऱ्या वरच्या उपस्वरांतून येते. खर्ज छेडल्यावर तंबोऱ्यात जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो पाचवा हार्मोनिक, पियानोच्या गंधारापेक्षा साधारण 14 सेंट खाली (पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे 100 सेंट). सातवा हार्मोनिक पियानोच्या कोमल निषादापेक्षा 31 सेंट खाली. अकरावा तर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या जवळपास मधोमध. डेनेही या स्वरांना वाद्यवृंदात मुद्दाम जागा देतात, त्यासाठी वाद्यांना पाव स्वर आणि त्याहून बारीक फरक वाजवावे लागतात. गायकाचा तो 'मधला' स्वर त्यामुळे अडखळत नाही. पियानोच्या साथीत जो बेसूर ठरला असता, तो इथे हक्काच्या घरी असल्यासारखा लागतो.

माझं म्हणणं असं बनत चाललं आहे की या रचनेने गाण्यांकडून चाल घेतली ती दुय्यम आहे. तिने घेतला आहे आवाज: ओढलेला श्वास, नाकातला घुमारा, एका अक्षरावर पडणारी वळणं. म्हणून विश्लेषणाची सुरुवात स्वरांच्या यादीपासून न करता गायकाच्या एका ओळीच्या ध्वनीपासून करावी आणि मग वाद्यवृंद त्या ध्वनीतलं काय उचलतो, काय मोठं करतो, ते पाहावं. मार्टिनकडे धून नगासारखी सलग असते आणि कोंदण बदलतं. डेनेहींकडे असं वेगळं काढता येणारं काही सापडत नाही.

हे पटण्याजोगं मांडायचं कसं, इथे मदत हवी आहे.

शान-नोसची ओळ लिहायला मी भातखंडे लिपी, म्हणजे हिंदुस्थानी संगीताचं स्वरलेखन, वापरून पाहतेय, कारण मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि कण (मुख्य स्वराला निसटता लागणारा स्वर) यांना तिच्यात खुणा आहेत आणि आयरिश गायकांच्या बऱ्याच हरकती त्यांत बसतात. पण परीक्षक डब्लिनचे आहेत. त्यांना हा परका चष्मा वाटेल का? मी यात राग शोधत नाही, तसा दावाही करणार नाही. डेनेहींच्या हार्मोनिकांचा उगम आपल्या संगीतात नाही, ते युरोपातल्या 'स्पेक्ट्रल', म्हणजे आवाजातल्या हार्मोनिकांवरून स्वरसंगती रचणाऱ्या, संगीतकारांच्या वाटेवरून आले आहेत. मला फक्त लिपी उसनी घ्यायची आहे. कुणी असं केलं असेल तर अनुभव सांगा.

सॉनिक व्हिज्युअलायझर हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात ओ लिनॉर्ड यांच्या एकट्या आवाजाचा वर्णपट, म्हणजे त्यातल्या हार्मोनिकांचं चित्र, स्वच्छ दिसतो. वाद्यवृंद मिसळला की मात्र इलेक्ट्रिक गिटार आणि तंतुवाद्यांचे हार्मोनिक गायकाच्या रेषेवर चढतात आणि कोणाचं काय ते वेगळं करता येत नाही. ध्वनिशास्त्र किंवा ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रातल्या कुणाकडे यावर उपाय आहे का? की एकट्या गाण्याचं जुनं ध्वनिमुद्रण आणि या रचनेचं मुद्रण शेजारी शेजारी ठेवणं एवढंच पुरे?

शेवटचा प्रश्न आयर्लंडात, विशेषतः कॉर्क किंवा केरीच्या बाजूला राहणाऱ्यांना. मन्स्टरच्या (कॉर्क-केरी जिथे येतात त्या दक्षिण भागाच्या) गायकीत आवाजाचा पल्ला मोठा आणि पश्चिमेकडच्या कॉनेमाराच्या गायकीत हरकती दाट, असं सांगतात. पबमधल्या किंवा घरगुती बैठकीत प्रत्यक्ष ऐकताना हा फरक जाणवतो का? गायक शेवटचे शब्द गाता गाता बोलून संपवतात, ती पद्धत अजून दिसते का? डेनेहींच्या रचनेतला शेवट त्या सवयीशी जोडून पाहायचा विचार आहे, पण पुस्तकी आधारावर ते लिहायचं नाही. कुणी ऐकलं असेल तर कोणत्या गाण्याच्या शेवटी, कशा बैठकीत, तेवढं नक्की लिहा.