फळ्यावर नाव कुणाचं? सत्राखेरीचे शाळेतले अनुभव

मंडळी,

दुसऱ्या सत्राची परीक्षा आटोपली, पेपर तपासून झाले आणि १ मेला झेंडावंदनानंतर निकाल वाटायचा आहे. या मधल्या दिवसांत एक काम दरवर्षी माझ्या गळ्यात पडतं, ते म्हणजे शाळेच्या वार्तापत्राचं 'अभिनंदन' पान. मी पुण्यात, पेठांमधल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मराठी आणि इतिहास शिकवते. यादी टेबलावर आहे. शिष्यवृत्ती (निकाल अजून अंतरिमच), एनएमएमएस (कमी उत्पन्नाच्या घरातल्या आठवीच्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा), सहावी-नववीची होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा, गणित प्रावीण्य, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट, जिल्हास्तरीय क्रीडा. नाव, इयत्ता, गुण, श्रेणी. पान भरतं, छापून येतं, पालक आपल्या लेकराचं नाव शोधतात आणि समारंभानंतर त्याच कागदावर बटाटेवडे खातात. खोटं वाटत असेल तर बक्षीस समारंभाला या.

यंदा मला त्या यादीमागच्या हकिकती हव्या आहेत. यादीत जे बसलंच नाही तेही चालेल. पुण्यातल्या शाळेत शिकलेल्या, शिकवलेल्या, पोरांना घातलेल्या सगळ्यांनी या धाग्यावर लिहावं. तक्रार असेल तर शाळेचं नाव गाळा, आणि मुलांची नावं तर नकोतच.

जुना नूमविकर

आमच्या काळी 'बोर्डात येणं' नावाचा प्रकार होता. आता बोर्ड गुणवत्ता यादी काढत नाही, त्यामुळे नव्या पोरांना समजावून सांगावं लागतं. निकालाचे बैठक क्रमांक वर्तमानपत्रात छापून यायचे, मुंगीएवढ्या टायपात, आणि चौकात एकेका अंकावर डोक्यांची गर्दी. आमच्या वाड्यातला एक जण बोर्डात आला. सकाळीच पेपरचा फोटोग्राफर अंधारा जिना चाचपडत वर आला. त्याला आई मुलाला पेढा भरवतानाचा फोटो हवा होता, आणि घरात पेढे नव्हते. शेजारच्या काकूंनी साखरेची वाटी पुढे केली. फोटोत आईच्या चिमटीत साखरच आहे, पण छपाई अशी की कुणाला कळलं नाही.

मीही त्याच वर्षी दहावीला होतो. ६१ टक्के. त्या दिवशी वाड्यात मला कुणी काही विचारलंच नाही. इतका सुखाचा निकाल माझ्या आयुष्यात पुन्हा लागला नाही.

फ्लेक्सग्रस्त आई

बोर्डाची यादी गेली, पण तिची जागा फ्लेक्सने घेतली आहे. मुलीला दहावीला ९६.४०. शाळेच्या फाटकावर तिचा फोटो. क्लासच्या फ्लेक्सवर फोटो. ज्या दुसऱ्या क्लासला ती नुसती सराव परीक्षा द्यायला जायची, त्यांच्याही फ्लेक्सवर फोटो. आणि चौथा आमच्या भागातल्या एका इच्छुक नगरसेवकांचा, ज्यात त्यांचा चेहरा हिच्या चौपट. विचारायला कुणालाच सवड झाली नाही. फोटो हॉल तिकिटावरचा, त्यामुळे ती नुकतीच पकडल्यासारखी दिसते. भाजीवाला मला 'टॉपरच्या आई' म्हणायला लागला. तिला मात्र हे अजिबात आवडलं नाही, ती मागच्या गल्लीने ये-जा करायची. तिची जिवाभावाची मैत्रीण ९२ टक्क्यांची. ती एकाही फ्लेक्सवर नव्हती, 'जागा संपली' म्हणे. दोघींचं त्यावरून काही दिवस बिनसलं होतं, ते मला फार उशिरा कळलं.

पावसाळ्यात त्यातला एक फ्लेक्स टपरीवर आडोसा म्हणून लागलेला पाहिला. उलटा. मुलीने त्याचा फोटो काढून मैत्रिणीला पाठवला आणि भांडण मिटलं.

संस्कृत पूर्ण

पुण्यात १०० पैकी १०० ही बातमी होत नाही. आमच्या तुकडीत निम्म्या जणांना संस्कृतात पैकीच्या पैकी होते आणि 'मला पाणी हवं' एवढं संस्कृतात म्हणायला एकालाही जमलं नसतं. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळायची. १९१२ साली ती सी. डी. देशमुखांना, म्हणजे पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले त्यांना, मिळाली होती. आमचे सर हे दरवर्षी सांगायचे आणि मग शब्दरूपं पाठ म्हणायला लावायचे.

निवृत्त कलाशिक्षक

बाई, तुमच्या पानाआधी जो फळा असतो तो मी नोकरीभर लिहिला. फाटकातून आत आलं की समोर दिसणारा मोठा वार्ताफलक. सत्राखेरीस त्यावर 'हार्दिक अभिनंदन' आणि खाली नावं. खडू आधी पाण्यात टाकायचा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचा. मी त्या पाण्यात चिमूटभर साखर घालतो. ओल्या खडूने लिहिताना काहीच दिसत नाही, आंधळ्यासारखं हात जाईल तसं लिहायचं. वाळलं की अक्षर पांढरंशुभ्र वर येतं आणि पोरांनी बोटं फिरवली तरी लगेच जात नाही. शिरोरेषा सगळ्यांत शेवटी.

आता इंटरमिजिएटविषयी. कला संचालनालयाची ही परीक्षा. ए श्रेणीला दहावीत ७ गुण, बीला ५, सीला ३. या वाढीव गुणांचं कळलं आणि माझ्या वर्गात गर्दी झाली. पूर्वी गणिताचे सर माझा तास मागायला यायचे, नंतर पालक मला जादा तास मागायला लागले. मला हसू यायचं, पण तास घ्यायचो. सात गुणांसाठी आलेला पोरगा स्थिरचित्राला बसतो. समोर तांब्या, दोन कांदे आणि घडी विस्कटलेला टॉवेल. पहिला अर्धा तास तो भिंतीवरचं घड्याळ बघतो. मग त्या टॉवेलच्या घडीतली सावली काही केल्या जमत नाही, आणि गडी तिथे अडकतो. सगळे नाही अडकत. काही अडकतात, आणि त्या काहींसाठी माझी रविवारची झोप गेली याचं मला वाईट वाटत नाही.

एक मुलगा आठवीपासून माझ्याबरोबर फळा लिहायचा. मी स्टुलावर चढणं सोडलं तेव्हा अख्खा फळा त्याच्याकडे गेला. दुसऱ्यांची नावं, दुसऱ्यांचे टक्के. अक्षर असं की लोक वाचायच्या आधी बघत उभे राहायचे. गणितात कच्चा असल्यामुळे स्वतःचं नाव लिहायची वेळ त्याच्यावर आली नाही. एकदा मीच म्हटलं, खाली कोपऱ्यात 'फलकलेखन' लिहून नाव टाक. मुख्याध्यापकांनी पाहिलं, काही बोलले नाहीत, आणि पुढे ती पद्धतच पडून गेली. आता सातारा रस्त्याला त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. वरच्या ताईंनी रागावू नये, त्यांच्या लेकीचा फ्लेक्स कदाचित त्यानेच छापला असेल.

पोळीवाल्या मावशींची मुलगी

आई कर्वेनगरमध्ये पोळ्यांची कामं करते. विज्ञानाच्या बाईंनी फॉर्म भरला म्हणून मी आठवीत एनएमएमएसला बसले. दोन पेपर, एक बौद्धिक क्षमतेचा आणि एक शालेय क्षमतेचा, प्रत्येकी ९० प्रश्न. निवड झाली. समारंभात नाव पुकारलं, गुलाबाचं फूल आणि पेन मिळालं. आई दोन घरच्या पोळ्या आदल्या रात्री करून आली होती. परत येताना तिने विचारलं, "एवढा अभ्यास पेनासाठी?"

खरं काम तिथून पुढे. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बँकेत खातं, आधार जोडणी, पोर्टलवर नोंदणी आणि दर वर्षी नूतनीकरण. माझ्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग शाळेत एक आणि आधारवर दुसरं, म्हणून अर्ज मागे आला. शाळेच्या ऑफिसमधल्या काकांनी सगळ्यांचे असे अडकलेले अर्ज एका निळ्या फाइलीत ठेवले होते आणि मधल्या सुट्टीत ते एकेकीला बोलावून दुरुस्त करत बसायचे. त्यांचं नाव अभिनंदनाच्या पानावर मी कधी पाहिलं नाही. बाई, तुमच्या शाळेतही असे काका असतील.

शिष्यवृत्ती नववी ते बारावी महिन्याला १,००० रुपये, वर्षाचे १२,०००. २०१७च्या आधी महिन्याला ५०० होते. दहावीला ६० टक्के नसते तर पुढे बंद झाली असती. पैसे रखडत येतात आणि एकदम येतात. पहिल्यांदा आले तेव्हा आईने पासबुक भरून आणलं आणि जिथे जिथे पोळ्या करते तिथे सगळीकडे दाखवलं. एका काकूंनी विचारलं, "मग आता हिला कॉमर्सला घालणार का?" आई म्हणाली, "ते ती सांगेल."

मी सायन्स घेतलं. अप्पा बळवंत चौकातली जुनी पुस्तकं, बसचा पास आणि प्रॅक्टिकलच्या वह्या त्यातच भागल्या.

रनर

खो-खोचे नियम १९१४ साली इथे, डेक्कन जिमखान्यावर बसवले गेले. आणि याच पुण्यात खो-खो म्हणजे मधल्या सुट्टीचा टाइमपास समजतात! आम्ही १७ वर्षांखालील मुलींत जिल्हा जिंकून विभागाला गेलो, तिथे हरलो. शेवटच्या डावात मी खांबाजवळ सूर मारला, गडी बाद झाली आणि माझं कोपर सोलून निघालं. आत माती. खेळाच्या बाईंनी बाटलीतलं पाणी ओतलं, रुमाल बांधला आणि म्हणाल्या, "ऊठ, आता तुला पळायचंय."

परत आलो तोवर सहामाहीचे काही पेपर बुडाले होते. वर्गशिक्षिकांनी प्रगतिपुस्तकात शेरा मारला, 'अभ्यासाकडे लक्ष द्यावे'. त्यानंतर संमेलनात त्याच बाईंनी माइकवरून वाचलं, 'शाळेचे नाव उज्ज्वल केले'. दोन्ही शेरे माझ्याबद्दलच, एकाच सत्रातले.

२०२१ची बॅच

आमचं नाव कुठल्याच फळ्यावर नाही, कारण फळ्यापर्यंत जायलाच बंदी होती. कोरोनामुळे दहावीची परीक्षा रद्द. नववीचे ५० गुण, दहावीच्या वर्षभरातल्या मूल्यमापनाचे ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०. नववीत मी टंगळमंगळ केली नसती तर, असं आख्खी बॅच म्हणत होती. १६ जुलै, दुपारी एक वाजता निकाल, आणि संकेतस्थळ जे झोपलं ते कितीतरी तास उठेना. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के. आजोबा म्हणाले, "नापास कोण झालं ते शोध, सत्कार त्याचा करू."

गुणपत्रिका घ्यायला मास्क लावून, दिलेल्या वेळेला गेलो. दीड वर्षात उंची वाढली होती, आवाज फुटला होता. बाईंनी आधी मला कुणाचा तरी मोठा भाऊ समजून 'विद्यार्थ्यालाच यावं लागेल' असं सांगितलं.

पडदा

आंतरशालेय नाट्यस्पर्धा, भरत नाट्य मंदिर. मी पडदा ओढायचो. नाटकाला बक्षीस नाही, अभिनयाला नाही, काहीच नाही. पण पडदा वेळेवर पडला. लिहा पानावर.

रात्रशाळेतला

मी सिक्युरिटीत. सुपरवायझरला दहावी पास लागते, म्हणून चाळिशीनंतर बाजीराव रस्त्याच्या बाजूला रात्रशाळेत नाव घातलं. वर्गात पेट्रोल पंपावरचा एक, मंडईतला हमाल, मेसमध्ये भाजी चिरणारी पोरं आणि धुणंभांडी उरकून येणाऱ्या एक मावशी. मावशी पहिल्या बाकावर, कारण चष्मा नव्हता.

दोन चलांची समीकरणं आली आणि सगळ्यांनी हात टेकले. सरांनी क्ष आणि य पुसून टाकले. तीन किलो कांदा आणि दोन किलो बटाट्याचे इतके, दोन किलो कांदा आणि तीन किलो बटाट्याचे इतके, तर भाव काय? मंडईवाल्याने खडू हातात न घेता उत्तर सांगितलं. सर म्हणाले, "आता हेच लिहायचं कसं ते मी शिकवतो, हिशेब तू शिकव." त्या आठवड्यात तो गडी फळ्यापाशी सरांच्या शेजारी उभा असायचा.

निकाल लागला, मला गणितात ३५. बरोबर ३५, एकही जास्त नाही. सर म्हणाले, बाकी विषयांचे पेढे नंतर, आधी गणिताचे. सत्कार रात्री नऊला शाळेतच झाला. मी ड्यूटीच्या कपड्यांत होतो, नारळ-टॉवेल पिशवीत टाकला आणि तसाच रात्रपाळीला गेलो. सुपरवायझर झालो का? झालो, पण दुसऱ्या कंपनीत. पहिलीने 'जागा भरली' म्हणून सांगितलं.

मंडईवाला गणितातच राहिला होता, लिहायला वेळ पुरला नाही म्हणाला. पुरवणी परीक्षेत सुटला.

धागा काढणारी

सगळं वाचलं. मुख्याध्यापकांना विचारलं, 'अभिनंदन'च्या मागचं पान मिळालं आहे. तिथे जाहिरात असायची, ती आत सरकवली. ऑफिसमधल्या काकांना फोटो मागितला तर म्हणाले, फोटो नको, एनएमएमएसच्या मुलींना आधीच स्पेलिंग तपासून आणायला सांगा. तेच त्यांच्या नावाने चौकटीत छापते आहे.

कलाशिक्षक सर, आमच्याकडे आता फळा लिहिणारं कुणी नाही, प्रिंट काढून चिकटवतात. ३० तारखेला दुपारी येणं जमेल का? आठवीतली तीन-चार मुलं मदतीला देते.

निवृत्त कलाशिक्षक

जमेल. खडू मी आणीन, हल्लीचे शाळेचे खडू पाण्यात विरघळतात. स्टूल भक्कम ठेवा आणि मुलं गणितात कशी आहेत ते सांगू नका.